गंधालीला हवा होता एक नकार

गंधालीला कुणीतरी अडवायला हवं होतं, आणि घरात एकालाही ते जमेना.

भानगड तशी साधी होती. समता कॉलनीत फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवणाऱ्या या छत्तीस वर्षांच्या बाईला इंग्लंडात, लीड्सला, मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला होता. एक वर्ष, तिथे जाऊन, वर्गात बसून. आणि त्याच महिन्यात नवऱ्याला, चिरागला, मस्कतची नोकरी लागली. तोच कोर्स ऑनलाईनही होता. म्हणजे चिराग आणि नऊ वर्षांची ईरा यांच्यासोबत मस्कतला राहायचं आणि लॅपटॉपसमोर बसून शिकायचं, हाही रस्ता मोकळा. दोन्हीपैकी काय ते सोमवारपर्यंत विद्यापीठाला कळवायचं होतं.

गेली बारा-पंधरा वर्षं गंधाली भेटेल त्याला सांगत आली होती, "मला तर बाहेर जाऊन शिकायचं होतं हो, पण घरचं सगळं..." आणि मग एक लांबलचक उसासा. आता ऐन वेळी घरचे असे काही उलटले, की सोयच राहिली नाही.

पहिली आशा सासूबाईंवर होती. सरोजिनीबाईंना चहा देता देता तिने खाली मान घालून विचारलं, "आई, मी लीड्सला गेले तर ईराचं कसं व्हायचं?"

"काय व्हायचंय? मी जाईन ना मस्कतले पोट्टीजवळ. माझा पासपोर्ट चार वर्षांचा कोरा पडून राहिला."

चिराग तर त्याहून निकामी निघाला. "जा की, एक साल ही तो है. काहून टेन्शन घेऊन राहिली?" असं म्हणून तो क्रिकेट बघायला लागला. ईराने तेवढं विचारलं, "मम्मा, वहाँ बर्फ गिरती है क्या? फोटो भेजोगी?" झालं. आईविना पोर हंबरडा फोडेल वगैरे जे काही गंधालीने मनात रंगवलं होतं, त्याचा पार बोऱ्या वाजला.

लोकांच्या घरी म्हणे सुनांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत! आपल्याच नशिबी हे समजूतदार लोक काहून आले, म्हणून ती दोन दिवस चिडचिड करत होती.

खरी गोष्ट अशी की बाईंची घाबरगुंडी उडाली होती. परीक्षा देऊन तेरा वर्षं झाली होती. वर्गात सगळी तेवीस-चोवीसची पोरं असणार. विद्यापीठातून एकदा फोन आला, तेव्हा पलीकडच्या बाईचं इंग्रजी इतकं भराभर, की गंधाली प्रत्येक वाक्याला "येस, येस, ऑफ कोर्स" म्हणत गेली आणि आपण कशाकशाला हो म्हटलं हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं. ऑनलाईनमध्ये कॅमेरा बंद ठेवता येतो. ऑनलाईन शिक्षणाचा हा एवढा एकच फायदा तिला मनापासून पटला होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. म्हणून ती "प्रॅक्टिकली विचार केला तर" असं म्हणायची.

आणि शुक्रवारी सकाळी तिला एकदम नीलकंठकाका आठवले. अरे वा, यांना कशी विसरले!

नीलकंठकाका म्हणजे चिरागचे थोरले काका. वय एक्याऐंशी, मुक्काम गावातल्याच पुरानी बस्तीत. घरात काहीही मोठं करायचं तर आधी काकांना विचारायचं, ही जुनी रीत. आणि काका नाही म्हणायचे, हीही रीतच. काकांच्या दुसऱ्या पुतण्याने, बंडूने, भिलाईत हॉटेल टाकायचं म्हटलं, काका म्हणाले नाही. चिरागच्या चुलतबहिणीने, स्नेहलने, नृत्य शिकायला कोलकात्याला जायचं म्हटलं, नाही. काकांचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता.

काकांचा गुडघा बघायचं निमित्त करून गंधालीने स्कूटर काढली.

गुडघ्याला तेल लावता लावता तिने सगळं सांगितलं. सांगताना स्वतःच्याच केसची वकील झाली, तीही विरुद्ध बाजूची. थंडी केवढी, ईरा केवढीशी, आई किती थकल्यात (सरोजिनीबाई त्याच सकाळी गच्चीवर दोन गाद्या वाळत टाकून आल्या होत्या), परका मुलूख, एकटी बाई. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?"

"हो."

"मंग तुले काय पायजे?"

"तुम्ही म्हणाल तसं, काका."

काका हसायला लागले. गुडघा हलला, तसे कळवळले, आणि पुन्हा हसले.

"बंडूले हॉटेल टाकायचंच नव्हतं. सासरा मागे लागला होता, त्याले नाही कसं म्हणावं, म्हणून माझ्याकडे आला. स्नेहलले कोलकात्याले एकटं राहायचं भेव वाटे. चाळीस वर्षं झाले, पोट्टेहो, तुम्ही माझ्याकडून नाही नेऊन राहिले अन् मी देऊन राहिलो. माझं काय जाते? घरातला वाईट माणूस मी."

गंधाली मान खाली घालून तेल चोळत राहिली.

"तूही नाही न्यायलेच आली. हव, देतो. फक्त सांग, कशाले नाही म्हणू? लीड्सले का त्या ऑनलाईनले?"

तिचे हात गुडघ्यावरच थांबले. किती सोपं होतं! लीड्सले, एवढं म्हणायचं आणि सुटायचं. पण तिला स्नेहल दिसली. प्रत्येक लग्नात हातात ताट घेऊन "काकांनी जाऊ दिलं नाही हो" म्हणणारी. तिच्या मागे आपण किती हसलो होतो! आणि आपण इथे तेल चोळत तेच मागायला बसलोय. गंधालीला स्वतःची इतकी लाज वाटली, की कान तापले.

"ऑनलाईनला," ती म्हणाली.

"नीट बोल."

"ऑनलाईनला नाही म्हणा, काका!"

"नाही!" काका असे कडाडले, की आतून काकू धावत आल्या. "आपल्या घरात हे असलं चालणार नाही! बस? जाय आता, अन् घरी माझं नाव सांग."

ती खाली गल्लीत आली आणि चिरागला फोन लावला.

"काय म्हणाले काका?"

वाक्य तोंडात तयार होतं. काकांनी ऑनलाईनला नाही म्हटलं, माझा काय इलाज! उद्या लीड्सला काही बिनसलं, नापास झाले, ईरा आजारी पडली, तर काका होतेच. गंधाली स्कूटरच्या सीटवर टेकली. पलीकडून चिराग "हॅलो, हॅलो" करत होता.

"काकांचं सोड," ती म्हणाली. "मीच नाही म्हटलं ऑनलाईनला. मी लीड्सला चालले."

"अरे वा!"

"वा काय, वा! मले भयंकर भेव वाटून राहिलं, चिराग," ती म्हणाली, आणि भर गल्लीत, स्कूटरच्या सीटवर बसून, ढसाढसा रडायला लागली.