बाईसाहेबांचं नवं पान

आई गेल्यानंतर बाबांनी दुकानातून एकच गोष्ट घरात आणली, कॅलेथियाची कुंडी. मग शटर ओढून घेतलं, आतल्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली चहाच्या डब्यामागे ठेवून दिली.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. बाबा कपडे बेतायचे, शिवायचे. आई स्टुलावर बसून काजं-बटणं करायची. तिच्या शेजारी हे झाड असे. पानं वरून हिरवी, त्यांवर बारीक कुंचल्याने ओढाव्यात तशा फिकट रेघा, आणि खालून वांगी रंग. संध्याकाळ झाली की सगळी पानं हळूहळू उभी राहत आणि मिटल्यासारखी दिसत. "बाईसाहेब झोपायला निघाल्या," आई म्हणे. "आता तुम्हीही मशीन थांबवा." बाबांनी घड्याळाचं कधी ऐकलं नाही, बाईसाहेबांचं मात्र ऐकत.

बाबांनी कुंडीला मधल्या खोलीतली खिडकी दिली. उजेड भरपूर, पण ऊन अंगावर येत नाही अशी. पाणीही बेताने घालत. तरी पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत व्हायला लागल्या. बाबांनी कात्री घेतली. जळकी कड ते पानाच्या मूळ वळणावरून अशी कापत की पान जन्मतःच तेवढं होतं असं वाटावं. आठवडाभरात ती पुन्हा जळे, बाबा पुन्हा कापत.

"दादा, तू झाड अल्टर करतोयस," आत्या म्हणाली. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच राहत होती. "असंच चाललं तर शेवटी बाहुलीचा फ्रॉक उरेल."

बाबा हसले नाहीत.

मग एक नवं पान आलं, घट्ट सुरळीसारखं. ते उलगडेना. बाबा सकाळी उठल्यावर आधी तिथे जात. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा ते चष्मा लावून कुंडीसमोर बसले होते, हातात बारीक सुई. उसवताना टाक्याखाली सुईचं टोक सरकवतात, तसं ते सुरळीच्या कडेखाली सरकवत होते. मी काही म्हणायच्या आत पान मधल्या शिरेपर्यंत फाटलं.

"मला वाटलं, कडच तेवढी चिकटलीय," ते म्हणाले. मग फाटलेल्या कडा जुळवत म्हणाले, "तिच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय. हेही माझ्या हातून जाणार."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढची सुरळी वर आली तेव्हा त्यांनी आपली खुर्चीच पाठमोरी करून घेतली.

आई गेल्यावर नोकरीतून घेतलेली सुट्टी मी वाढवली आणि वाचायला बसले. संकटात मला दुसरं काही सुचत नाही. या झाडाला दमट हवा लागते, हवा कोरडी असली की नवं पान सुरळीतच अडकतं, असं वाचलं. मी कुंडीखाली पाण्याचं ताट ठेवलं. माझी अंघोळ झाली की वाफ असेपर्यंत कुंडी न्हाणीघरात नेऊन ठेवू लागले.

"आता टॉवेलही दे तिला," आत्या म्हणाली.

सुरळी ढिम्म. कुंडी परत आणताना एकदा मी दारातच थांबले. आईने तर यातलं काहीच केलं नव्हतं. तिच्या स्टुलाच्या एका बाजूला झाड होतं आणि झाडाला लागूनच इस्त्रीचं टेबल. ओलं फडकं टाकून बाबा दिवसभर इस्त्री फिरवत, आणि ती सगळी वाफ या पानांवर जाई.

मी बाबांना हे सांगितलं. माझं बोलणं कुठे जाणार हे त्यांना लगेच कळलं.

"तू ने कुंडी तिकडे," ते म्हणाले.

"नेते. पण इस्त्री कोण करणार?"

"इस्त्री काय, कुणालाही येते."

"तिला नाही येत," आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. "तिच्या शर्टाकडे बघ जरा!"

बाबांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. कॉलरवर त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग ते उठले आणि त्यांनी किल्ली काढली.

आतल्या दाराने आम्ही दुकानात गेलो. स्टूल होतं तिथेच होतं, वर आईची चपटी झालेली उशी. बाबा उंबऱ्याशी उभे राहिले. मी कुंडी जागेवर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"तिथे उभी राहू नकोस, उजेड अडतो," बाबा म्हणाले. "बस की स्टुलावर."

मी बसले. त्यांनी इस्त्री लावली, फडकं भिजवून पिळलं, आणि रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले. "कापड नसताना इस्त्री फिरवायची तरी कशी?"

मी घरातून एक चादर आणून दिली. पहिली वाफ उठली तेव्हा खोलीला तिचा जुना वास आला.

पान त्या दिवशी उलगडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चादरी संपल्या, पडदे झाले. आमची पायपुसणीसुद्धा कडक इस्त्रीची झाली. आत्या पाय न पुसताच त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

मग एका दुपारी बाबांनी मला हाक मारली. घरात कुणी झोपलं असावं अशा आवाजात. सुरळी एका बाजूने सुटली होती. आतलं पान पोपटी, ओलसर, रेघा नुकत्याच उमटल्यासारख्या. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

हवेसाठी शटर हातभर वर केलेलं होतं. त्याखालून समोरचे औषधवाले वाकून पाहत होते.

"मास्तर, उघडलं का दुकान?"

"नाही हो. झाडाचं काम चाललंय."

"बरं, बरं." ते निघाले. बाबा त्यांच्या पाठमोऱ्या पँटकडे पाहत राहिले.

"अहो, थांबा," ते म्हणाले. "कमरेत किती सैल झालीय ती. या आत, माप घेतो." आणि शटर वर ढकलता ढकलता, "पण इकडच्या बाजूने या. ते पान अजून ओलं आहे."