दट्ट्या न ओढता उडणारी गोटी

त्या दुपारी दादाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली आली होती, समोरचा केमिस्ट दुकान बंद करून आला होता, आणि ज्यांनी दादाला जिवंतपणी कधी हाक मारली नव्हती असे शेजारीही माना उंचावून उभे होते. सगळ्यांची नजर एकाच वस्तूवर होती. दादाने स्वतःच्या हातांनी बनवलेलं पिनबॉलचं टेबल! टेबल म्हणजे एक लाकडी खोकं आणि त्यावर आडवा टाकलेला टीव्हीचा पडदा. गोटी, अडथळे, दिवे, सगळं पडद्यावरचं चित्र. खरा होता तो फक्त दट्ट्या, समोरच्या फळीतून बाहेर आलेला स्प्रिंगचा दांडा. तो ओढून सोडला की पडद्यावरची गोटी उडायची.

आता दादा या जगात नव्हता, दट्ट्याला कोणी हात लावत नव्हतं, आणि तरी गोटी उडत होती.

"आत्मा म्हणजे ऊर्जा! ऊर्जा म्हणजे कंपन! आणि कंपन कुठे जातं? आवडत्या यंत्रात!" स्पंदनगुरू टेबलापाशी उभे राहून गरजत होते. कंपनंच हवी होती तर दादा घरातल्या मिक्सरमध्ये का गेला नाही, हे कोणी विचारलं नाही.

हे गुरू मूळचे गुडघेदुखीवरची 'आरोग्यकडी' विकणारे. दादा गेल्यावर सांत्वनाला आले आणि ठाण मांडून बसले. त्यांनीच नियम सांगितला होता, की गोटी उडाली तर दादाचं उत्तर 'हो' आणि पडून राहिली तर 'नाही'. ते मनगटात तसंच एक जाड कडं घातलेला उजवा हात हळूहळू फळीजवळ नेत आणि "जय स्पंदन!" म्हणत झटक्यात मागे घेत. गोटी सुसाट सुटायची. लोक हात जोडायचे.

मग वहिनी पुढे झाली.

"अहो, ऑपरेशन करू का?"

गुरूंनी या वेळी दोन्ही हात छातीशी घेऊन डोळे मिटले. गोटी जागची हलली नाही.

"नाही म्हणतोय तो," गुरू हळहळले. "माझं मंतरलेलं पाणी चालू ठेवा, ताई. गाठ आपोआप विरघळेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनीच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लवकर सापडली आहे, आत्ता काढली तर बरी होण्याची चांगली आशा आहे, थांबू नका. सोमवारची वेळही दिली होती.

गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला नुसती शिंक आली तरी दादा दवाखान्यात घेऊन जायचा. तो नाही म्हणेल?"

"भाऊजी, तुमचा कशावरच विश्वास नाही, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते रोज माझ्याशी बोलतात. एवढं तरी राहू द्या."

मला राग येत होता आणि तिच्याकडे बघून वाईटही वाटत होतं. पण मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि स्वभावाने इतका संशयी की घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघतो. एक गोष्ट मला टोचत होती. गोटी उडते, पण दट्ट्या हलत नाही. दादाच खेळत असेल तर त्याने दांडा ओढायला नको? आणि गुरूंना दर वेळी कडं घातलेलाच हात का लागतो?

दुसऱ्या दिवशी धूळ पुसतो असं सांगून मी खोक्याची मागची फळी काढली. दादाची करामत बघून क्षणभर हसूच आलं. दांड्याच्या आतल्या टोकाला त्याने एक चुंबक चिकटवला होता आणि शेजारी नखाएवढा सेन्सर. चुंबक जवळ आला, लांब गेला, की सेन्सर ते कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटरला दांडा दिसत नाही, त्याला फक्त हा निरोप कळतो. पण दादाने दांडा एका मोडक्या यंत्रातून काढलेला, आखूड. त्यामुळे सेन्सर थेट समोरच्या फळीला चिकटून बसवावा लागला होता. आणि फळी पातळ प्लायवूडची. म्हणजे बाहेरून कोणी जोरदार चुंबक आणला, तर बिचारा सेन्सर फसणारच!

पुढच्या दुपारी पुन्हा तीच गर्दी. मी पुढे झालो.

"गुरुजी, आज मी विचारू का?"

"भावानेच विचारावं!" गुरू उदारपणे म्हणाले.

मी मूठ हळूच फळीजवळ नेली. "दादा, हे गुरू आपल्याला फसवतायत का?" आणि हात झटकन मागे घेतला.

गोटी थेट पडद्यावरच्या घंटेवर आदळली. शिवणकामवाली फिसकन हसली.

"आत्मा गोंधळलाय!" गुरू ओरडले.

मी मूठ उघडली. "हा सातवीच्या मुलांच्या प्रयोगपेटीतला चुंबक. आता तुमचं कडं काढून ठेवा आणि गोटी उडवून दाखवा."

"कड्यात सिद्ध ऊर्जा आहे, ते काढता येत नाही!"

"या स्टीलच्या पेल्याला लावून तर बघू," केमिस्ट म्हणाला आणि त्याने टेबलाजवळचा रिकामा पेला पुढे केला. पेला टणकन कड्याला चिकटला. तो मनगटावर लटकत असतानाच स्पंदनगुरू जिना उतरले.

सगळे हसत गेले. वहिनी मात्र जागची हलली नव्हती. तिने माझ्या हातातून चुंबक घेतला, फळीजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. गोटी उडाली. तिने पुन्हा तेच केलं. पुन्हा उडाली.

"म्हणजे इतके दिवस मी त्या माणसाच्या कड्याशी बोलत होते?"

"हो, वहिनी."

"आणि हे? हे कधी बोललेच नाहीत?"

"दादा गेला, वहिनी."

ती दादा गेल्यापासून रडली नव्हती इतकी रडली. मला तिच्या हातून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं, पण मी माघार घेतली नाही. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"डॉक्टरांना फोन लावा, भाऊजी. सोमवारची वेळ अजून आहे का, विचारा."

वेळ होती.

वाचकहो, गेलेल्या माणसाच्या नावाने कोणी तुम्हाला उत्तरं देऊ लागला, तर आधी हवं तितकं रडून घ्या. मग डोळे पुसा आणि उत्तर येतं तेव्हा त्याचा हात कुठे असतो ते बघा. आणि दुखण्याबद्दल विचारायचं असेल, तर जो तपासतो त्याला विचारा.