जाणाऱ्यानं न्यायचं

“तुपात हात आखडू नकोस हं, आई,” क्रांती म्हणाली आणि स्वतःशीच ओशाळली. कशाच्या जोरावर हा थाट?

“आखडीन कशाला? लेकीची नोकरी पक्की झाली, त्याचे लाडू हे!” कमलाबाई रवा भाजत होत्या. बर्लिनच्या त्या वीतभर स्वयंपाकघरात खमंग वास कोंडला होता.

क्रांती एवढंच म्हणाली होती, की संस्थेत सगळ्यांना गोड न्यायचंय. आपल्याकडे गोड वाटतात ते काही चांगलं झालं म्हणून. इथे मात्र नोकरी सोडून जाणाऱ्यानंच स्वतःच्या निरोपाचा केक न्यायचा असतो. हे आईला सांगायला तिची जीभ रेटेना.

झालं होतं असं. एका चिमुकल्या देशानं बँकांवर कर बसवून विद्यापीठाची फी माफ केली. बँका शेजारच्या देशात सरकल्या, पाठोपाठ शिकलेली पोरंही सरकली. फी पुन्हा लावा, असा सल्ला क्रांतीच्या संशोधन संस्थेतल्या प्रोफेसरांनी त्या देशावरच्या अहवालात दिला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांवर क्रांतीनं लिहिलेलं प्रकरण त्यांनी गाळलं. मग क्रांतीनं अहवालावरचं आपलं नाव काढून घेतलं. प्रोफेसर चिडले नाहीत, नुसतं “गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, एवढंच म्हणाले. तिचा नोकरीचा करार तेवढा वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी कमलाबाई स्वतःच डबा घेऊन क्रांतीबरोबर निघाल्या. पांढरीशुभ्र साडी, वर लेकीचा ढगळ कोट.

संस्थेच्या चहाच्या खोलीत तिथेच काम करणारा नागपूरचा सुयश भेटला. “जय भीम, काकू. ताई, उद्यापासून तू नाहीस, पटतच नाही गं.”

“नाही म्हणजे? कुठं चालली ही?”

सुयश क्रांतीकडे बघायला लागला. क्रांतीनं मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

कमलाबाईंनी डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं. “फ्रीशिप नसती, तर तू माझ्यासंगं दवाखान्यात फरशीच पुसत असतीस.”

“तेच लिहिलं होतं, आई.”

“मग बरोबरच लिहिलंस.” मग त्या म्हणाल्या, “पण शिकून तू तरी कुठं राहिलीस गावात? तूपण सरकलीसच की.”

प्रोफेसरांनी हे विचारलं असतं, तर क्रांतीनं चार आलेख दाखवले असते. आईपुढे तिनं डब्याचं घट्ट झाकण तेवढं उघडलं.

तेवढ्यात प्रोफेसर आले. कमलाबाईंनी पदर सारखा केला आणि डबा पहिल्यांदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक उचलला.

“दोन घ्या म्हणावं. एकानं काय होतंय?”

क्रांतीनं जर्मनमध्ये सांगितलं. प्रोफेसरांनी मुकाट्यानं दुसरा घेतला.

सगळ्यांना वाटून झालं. क्रांतीचं टेबल आधीच आवरलेलं होतं. कमलाबाईंनी त्यावर कागदी रुमाल पसरला आणि मधोमध एक लाडू ठेवला.

“हा कुणाचा, काकू?” सुयशनं विचारलं.

“पुढं जी कुणी बसंल ना इथं, तिचा.”

त्यांनी रिकामा डबा पिशवीत घातला आणि लेकीचा कोट तिच्याच खांद्यावर टाकला.