दुसऱ्या मजल्यावरचं बंद घर

वहिनींचं केस कापायचं दुकान कॉलनीच्या नाक्यावर होतं. सगळी कॉलनी त्यांना वहिनीच म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. पूर्वी सुट्टीच्या दिवशी दुकानात टेकायला जागा नसायची. मग पलीकडचा कारखाना बंद पडला, पोरं शिकून बाहेर पडली आणि आईबाप आजारी पडले की तेवढी उगवायला लागली. आता संध्याकाळी झाडू मारला की सुपलीत पांढरेच केस यायचे. मुलं कमी झाली म्हणून कॉलनीतल्या शाळेने वरचा मजला कुलूप लावून बंद केला होता.

वहिनी राहायच्या ती इमारत चार मजली. लिफ्ट नाही, पाइप गंजलेले, अर्धी घरं रिकामी. नगरपालिकेने योजना काढली, की पाइप बदलून देऊ, बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवू. मात्र रिकामी घरं नव्या भाडेकरूंना माफक भाड्याने द्यायची. आणि याला इमारतीतल्या सगळ्या मालकांचा होकार हवा.

वहिनी दारोदार फिरल्या. चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचे गुडघे गेले होते, त्या कित्येक महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. त्यांनी वाक्य पुरं व्हायच्या आतच होकार दिला. घोडं अडलं ते तळमजल्यावर, सोसायटीच्या चेअरमनपाशी.

"लिफ्टने मी जाऊ कुठे, पाताळात?" ते म्हणाले. "आणि भाडेकरूंची पोरं जिन्यात सायकली लावतात."

"कॉलनीत पोरं उरली नाहीत म्हणून मागच्या सभेत गळा कोण काढत होतं?"

"ते वेगळं. पोरं कॉलनीत हवीत. आपल्या जिन्यात नकोत."

त्यांच्या नाकदुऱ्या काढता काढता वहिनींच्या तोंडाला फेस आला. शेवटी चेअरमनच्या बाथरूमचं छत गळायला लागलं, तेव्हा कुठे त्यांना पाइपांचं महत्त्व पटलं.

आता राहिले एकटे दीर. दुसऱ्या मजल्यावरचं सासू-सासऱ्यांचं घर वाटणीत त्यांच्याकडे गेलं होतं. ते परदेशात. घर बंद. खिडक्या उघडायच्या, जाळी काढायची, ओल आली की भिंत पुसायची, हे सगळं वहिनींच्या गळ्यात. हे घर बघायला वहिनींनी एक जोडपंही आणलं होतं. तो बेकरीत कामाला, ती नर्स, दोन जुळ्या मुली. मुली रिकाम्या खोलीतून धावत सुटल्या. नर्सने नळ सोडला तर तांबडं पाणी आलं.

"हे बदलणार ना, वहिनी?"

"बदलणार तर," वहिनी म्हणाल्या. दीर नाही म्हणतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दीर फोनवर नाही म्हणाले. "वहिनी, आईबाबांचं घर आहे ते. राहू दे जसं आहे तसं."

"भाऊजी, जसं आहे तसं राहत नाहीये ते. भिंतीचे पोपडे पडतायत."

"मी पैसे पाठवतो, रंग लावून घे."

वहिनींनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो मोज्यांच्या जोड्या लावत बसला होता. "अहो, तुम्ही बोला की त्यांच्याशी."

"अगं, तो लहानपणापासून हट्टी आहे."

"मग तुम्ही कधीपासून गरीब गाय झालात?"

त्याने पुढचा मोजा उचलला. आजवर कुठल्या भांडणात तो बोलला होता? बेकरीवाल्याचा दर आठवड्याला फोन यायचा आणि दर आठवड्याला वहिनी म्हणायच्या, थोडं थांबा. स्वतःचाच आवाज त्यांना खोटा वाटायला लागला.

मग एक दिवस वहिनींनी दिरांच्या घराची देखभाल सोडून दिली. खिडक्या उघडणं बंद, जाळी काढणं बंद. दिरांना कळवलं, "तुमचं घर तसंच ठेवलंय. आता मी त्यात पाऊलही टाकणार नाही."

दीर आले ते काही महिन्यांनी, न सांगता. दर खेपेला गादी घातलेली असायची, पाणी भरलेलं असायचं. या खेपेला दार उघडल्याबरोबर कुबट वास अंगावर आला. नळ कोरडा. बॅग ओढत दोन जिने चढून त्यांची कंबर धरली होती. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने दुकानात येऊन खुर्चीत बसले.

वहिनींनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, जरा घट्टच.

"वहिनी, रागावलीस?"

"मान खाली."

वहिनी मानेवरचे केस कापायला लागल्या. मग दीर आरशाकडे न बघता म्हणाले, "इथे सगळं होतं तसं आहे, या भरवशावर मी तिकडे दिवस काढले. तिकडे माझं असं काही नाही गं."

वहिनींचा हात थांबला. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जास्तच राग आला. "तुमचं सगळं तसंच राहावं म्हणून आम्ही इथे कुजायचं का, भाऊजी? मास्तरीणबाई वर अडकून पडल्यात. त्या जुळ्या पोरी तुमच्या आईच्या खोलीत धावल्या, तेव्हा किती दिवसांनी त्या घरात आवाज झाला, माहीत आहे?"

दीर अंगावरचे केस झटकून उठले. परत जायच्या आधी पालिकेत जाऊन होकार देऊन आले.

वहिनींनी लगेच बेकरीवाल्याला फोन लावला. फोन नर्सने घेतला. "आम्ही दुसरीकडे घर घेतलं, वहिनी. पोरींची शाळा सुरू व्हायची होती. किती थांबणार?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे वहिनींना भांडताही येईना. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

यथावकाश काम सुरू झालं. लिफ्टसाठी खड्डा खणला आणि धुळीवरून चेअरमन रोज कोणाशी तरी हुज्जत घालायला लागले. पाइप बदलून झाल्यावर दिरांचं घर बघायला एक तरुण आला, व्हायोलिन शिकवणारा. वहिनी त्याला जिन्याकडे नेत होत्या, तोच चेअरमन दारात आले.

"वाद्य घरी वाजवणार का?"

तरुण गोंधळला. वहिनींनी चेअरमनकडे असं पाहिलं की ते एक पाऊल मागे सरले.

"वाजवणार," त्याच म्हणाल्या. "चल रे बाबा वर. सावकाश, तिथली पायरी फुटली आहे."