जर्सीचा खड्डा

पोपटरावांनी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून ओसरीच्या खांबाला खोचला आणि नाक वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला. वारा माळावरूनच येत होता. उदबत्तीने केलं इतकंच, की त्या वासाला मोगऱ्याची जोड मिळाली.

“आता कसं वाटतंय?”

“मढ्याला गजरा घातल्यावानी,” मालनबाई आतून म्हणाल्या. “उद्या शिक्रापूरचे पाव्हणे यायचे. सारिकानं पोह्याचा ट्रे धरायचा, का नाक?”

पाहुण्यांनी सकाळपासून दोनदा मिस्ड कॉल दिला होता. पैसे वाचवणारी माणसं, म्हणून पोपटरावांना स्थळ बघण्याआधीच पसंत पडलं होतं. ते वासापायी हातचं जाणार, या विचाराने त्यांना घाम फुटला.

वास त्यांच्याच जर्सीचा होता. ताप भरून, पाय सुजून परवा ती गेली. जायच्या आधी तीन दिवस गुरांच्या कंपाउंडरची दुखण्याची सुई चालू होती. देशी गाय असती तर पोपटरावांनी बांधाला पुरून वर हळदकुंकू वाहिलं असतं. जर्सीला कोण खड्डा काढतं? लांब दोर बांधून, हात न लावता, ट्रॅक्टरने माळावर ओढली आणि घरी येऊन अंघोळ केली. पुढचं काम गिधाडांचं. वडिलांपासूनचा शिरस्ताच होता तो. संध्याकाळी जनावर टाकावं, दुसऱ्या दुपारी स्वच्छ हाडं. गिधाडांना बोलावणं लागत नसे, की चहा. पोपटरावांना माणसंही अशीच आवडत.

या खेपेला गिधाडं आलीच नाहीत. कुत्री आली. कुत्री खातात थोडं आणि मिरवतात फार. आज सकाळी एक कुत्रं जर्सीचा खूर घेऊन थेट तुळशीपाशी चघळत बसलं होतं.

शेवटी पोपटराव उपरणं नाकाला लावून बौद्धवाड्याकडे निघाले. निवडणुकीचा आठवडा सोडला तर या बाजूला त्यांची पावलं वळत नसत. दौंडच्या रेल्वेतून रिटायर झालेले चांगदेव विहाराशेजारच्या नव्या घराच्या ओट्यावर पेपर वाचत होते.

“जय भीम, चांगदेवराव.”

“जय भीम. निवडणूक लागली का?”

“न्हाई हो. सहजच आलो.”

“सहज, आन् नाकाला उपरणं?”

चांगदेवांच्या पत्नी ताईबाई चहाचा कप घेऊन आल्या. “आत्ताच घेऊन आलो,” पोपटराव म्हणाले. या घरांत गावाचं ते ठरलेलं उत्तर होतं. ताईबाईंनाही ते पाठ होतं. कप ओट्यावर ठेवून त्या आत गेल्या.

“तुमच्यातली दोन पोरं मिळतील का?” पोपटरावांनी आवाज खाली आणला. “माळावरचं तेवढं गाडायला. पैशाकडं बघणार न्हाई.”

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून गावात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. चांगदेवांनी पेपरची घडी केली. रागावतील असं वाटलं होतं, ते हसले.

“पोपटराव, आमच्या आईबापांनी ते काम छप्पन साली सोडलं. तवा तुमच्या वडलांनी आमचं दळण बंद केलं व्हतं. मग गिधाडांवर भागलं. आता गिधाडांनी बी सोडलं.”

“सोडलं म्हंजी? गेली कुठं?”

“मेली. चिंचेवर बसल्या बसल्या माना टाकायची, तुम्ही बघितली न्हाईत? परवा पेपरात आलंय. ती दुखण्याची सुई जनावराच्या मासात राहती. खाल्लं की गिधाडाची किडनी जाती.”

पोपटरावांनी माळाकडे पाहिलं. आभाळात एक ठिपका नव्हता.

“म्हंजी आली असती, तर—”

“तुमच्या जर्सीनं मारली असती.”

चांगदेव आत गेले. बाहेर आले ते रेल्वेच्या दिवसांतली कुदळ आणि घर रंगवून उरलेली चुन्याची पिशवी घेऊन. दोन्ही त्यांनी कपाशेजारी ठेवली.

“पुरुषभर खोल काढा. वर चुना टाका, न्हाईतर कुत्री उकरत्यात. आन् कुदळ धुऊन आणा.”

“तुम्ही?”

“मी येतो की सांगायला.”

आणि खरंच आले. चिंचेच्या सावलीत दगडावर बसून त्यांनी पोपटराव आणि त्यांचा मुलगा सुदर्शन यांच्याकडून खड्डा काढून घेतला. दोर बांधून ओढायला गेले तर दोराबरोबर नुसता पाय आला. मग दोघांना वाकून हातांनीच लोटावं लागलं.

“डावीकडनं, पोपटराव. खांदा लावा खांदा,” सावलीतून आवाज आला.

दिवस कलता कलता पोपटराव ओढ्यात हात धुऊन, कुदळ घासून ओट्यावर परत आले. या वेळी ताईबाईंनी आणलेला कप रिकामा होईपर्यंत ते तिथे बसले.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याला नुसता गवताचा वास होता. पाहुण्यांनी पोहे दोनदा मागून घेतले आणि सारिकाचं जमलं.

दिवाळीनंतर एका सकाळी मारुतराव दारात आले. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला पोपटरावांच्या मांडीला मांडी लावून बसणारे हे गृहस्थ आज पायरीखालीच थांबले.

“वर या की.”

“हितंच बरं हाय, आप्पा. राती म्हस गेली आमची.” मारुतरावांनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “तुम्हाला आता त्यातलं जमतंय. तेवढं उरकून द्या. पैशाकडं बघणार न्हाई.”

मालनबाई चहा घेऊन आल्या.

“आत्ताच घेऊन आलो,” मारुतराव म्हणाले.

पोपटरावांनी पायरीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. मग ते उठून चपला घालू लागले.

“कुदळ चांगदेवरावांकडं हाय. तुम्हीच मागा, मी संगं येतो. ताईबाई चहा देतील.”

मारुतरावांचं उपरणं पुन्हा पहिल्या खांद्यावर आलं.

“तो घ्या,” पोपटराव पायऱ्या उतरत म्हणाले. “खड्डा लई खोल काढावा लागतो.”