कांचनच्या पायऱ्यांवरची कारिटं

उत्तराने सूड घ्यायचं ठरवलं ते सकाळी सव्वानऊला, चहा निवत ठेवून, ईमेलमधला एक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघताना.

ईमेल त्यांच्या हाउसिंग असोसिएशनची होती. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या त्या टाउनहाउसांच्या कॉलनीत बारा वर्षं राहिल्यावर उत्तराला असोसिएशनच्या ईमेलींचं काही वाटेनासं झालं होतं. कधी कचऱ्याचा डबा बाहेर राहिला म्हणून, कधी गवत वाढलं म्हणून. पण ही वेगळी होती. तुमच्या दारात टांगलेली मोडकी, वाकडी झालेली वस्तू कॉलनीची शोभा घालवते अशी तक्रार आली आहे, तरी ती अठ्ठेचाळीस तासांत काढावी. खाली पुरावा म्हणून फोटो.

मोडकी वस्तू म्हणजे नरेंद्रने केलेला आकाशकंदील.

नरेंद्र तिचा नवरा. जन्मभर पूल बांधले, आणि घरात दरवर्षी एक कंदील. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ, खाली झिरमिळ्या. एका संध्याकाळचं काम असायचं ते. मग तीन वर्षांपूर्वी त्याला कंपवात झाला. आधी हात गेले, मग आवाज खोल गेला. यंदा कंदिलाला पुरते तीन आठवडे लागले. कामटी बांधायला जावं तर दोरा सुटायचा, कागद चिकटवायला जावं तर चुण्या पडायच्या. उत्तराने मदतीला हात पुढे केला की तो नुसता बघायचा, आणि ती मुकाट्याने हात मागे घ्यायची. कोजागिरीला कंदील दारात चढला. एक बाजू चांगली दोन बोटं खाली आलेली.

"सरळ आहे ना गं?" त्याने विचारलं होतं.

"अगदी सरळ," उत्तरा म्हणाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं खोटं बोलायचा हक्क बाईला असतो.

ईमेल नरेंद्रने आधी वाचली, हेच वाईट झालं. स्टूल ओढून स्वतः कंदील उतरवला, टेबलावर बसून एकेक कामटी सोडवली, सगळ्यांना रबर बँड लावला आणि डब्यात टाकल्या. मग म्हणाला, "तू सरळ आहे म्हणालीस."

बास. एवढंच. त्या दिवसापासून त्याने तिला काही विचारणं सोडलं. बटण नीट लागलंय का, सही वाचता येते का, आधी दहादा विचारायचा तो माणूस. मोठ्याने बोलायचे व्यायाम डॉक्टरांनी दिले होते, तेही बंद. पत्रपेटीपर्यंतसुद्धा जाईना. रोगाने तीन वर्षांत जे नेलं नव्हतं, ते त्या चार ओळींनी एका सकाळीत नेलं, आणि उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणून ती तो फोटो मोठा करून बघत होती. आणि सापडलं! खाली डाव्या कोपऱ्यात, फोटो काढणारीच्या लक्षात न आलेला, एक पांढराशुभ्र चिमुकला भोपळा आणि मोतिया रिबिनीने बांधलेल्या गव्हाच्या ओंब्या. अख्ख्या कॉलनीत अशी पायरी एकच. समोरची. कांचनची.

आता ही कांचन कोण, तेही ऐका. मूळची पुण्याची, मोठ्या कंपनीत मॅनेजर, आणि कॉलनीच्या सजावट समितीवरची एकमेव भारतीय बाई, हे ती दर वाक्याआड सांगते. दर शरदात तिच्या दाराला जे रूप यायचं त्याला ती 'कोझी अँड अंडरस्टेटेड' म्हणायची. नारिंगी भोपळा चालणार नाही, तो बाजारू. सांगाडे नकोत, कोळ्यांची जाळी नकोत. पांढरे इवलेसे भोपळे पायऱ्यांवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, एका बाजूला लाकडी कावळा, एकच, आणि बाकावर साय रंगाची शाल अशी टाकलेली की जणू कोणी आत्ताच उठून गेलंय. ती शाल टाकायला तिला वीस मिनिटं लागतात. उत्तराने खिडकीतून मोजली आहेत.

"काकू, कमी असलं ना की क्लासी दिसतं," ती उत्तराला शिकवायची. "आपल्या लोकांना सगळं भडकच लागतं."

नाकाने कांदे सोलावेत ते हिनेच! आणि हिची लेक रुही दोन वर्षं उत्तराच्या स्वयंपाकघरात वरणभात जेवली, हिच्या मीटिंगा चालायच्या तेव्हा. त्या भातावरचं तूप काही अंडरस्टेटेड नव्हतं.

सरळ जाऊन भांडावं, असं पहिल्यांदा मनात आलं. पण भांडलं की कांचन "सॉरी काकू" म्हणणार, गळ्यात पडणार आणि संपलं. सॉरी नको होतं उत्तराला. हाताने मांडलेलं लोकांच्या देखत मोडलं की कसं वाटतं, ते तिला कळायला हवं होतं. आणि तिला चकार शब्द काढता येऊ नये, असंही हवं होतं.

संधी कांचननेच ताटात वाढून दिली. यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले. ("इथल्या पंचांगाने ती आदल्या दिवशी," असं कोणीतरी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, त्यावर एकवीस मेसेज झाले, आणि शेवटी भारताप्रमाणेच ठरली.) कांचनने जाहीर केलं: दिवाळी पहाट आमच्याकडे! साडेपाचला या, फराळ करा, तिथूनच ऑफिसला आणि शाळेला जा. खाली बारीक अक्षरात, दहा वाजता गावच्या वर्तमानपत्राची फोटोग्राफर पोर्चचे फोटो काढायला येतेय, तेव्हा प्लीज पायऱ्यांवर चपला काढू नका.

कोणी चकल्या घेतल्या अंगावर, कोणी लाडू. उत्तराने लिहिलं, "मी मुलांसाठी कारीट फोडायचं बघते."

कांचनने तिला लाल बदाम पाठवला. कारीट म्हणजे काय, हे तिला ठाऊक असण्याची शक्यता शून्य होती.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, कारीट हे लिंबाएवढं कडू फळ. कोकणात नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की ते डाव्या पायाखाली चिरडायचं, तोच नरकासुर, आणि 'गोविंदा' म्हणून ओरडायचं. मग त्याचा टिळा कपाळाला लावायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये कारीट कुठलं मिळायला! दरवर्षी उत्तरा पोरांना चेरी टोमॅटो द्यायची. यंदा तिने टोमॅटो घेतले नाहीत.

आदल्या दिवशी मात्र ती चिवड्याचा मोठा डबा पोचवायच्या निमित्ताने कांचनकडे जाऊन आली. येताना पायरीवरचा एक भोपळा अंगठ्याने दाबून बघितला. दोन रात्री हिम पडलं होतं, आतून छान मऊ पडले होते सगळे. वरून तसेच गोरेगोमटे. "उद्या भेटू गं," ती आतल्या कांचनला म्हणाली, आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवली.

सकाळी ती नरेंद्रला म्हणाली, "चला."

"मी नाही."

"तेल लावलंय, नवा सदरा घातलाय, आणि मी नाही म्हणे. चला, मला पोरांसमोर एकटीला उभं राहायचं नाहीये." खोटंच. पण आता एकदा खोटारडी ठरलीच होती ती.

काठी टेकत, थांबत, ते दोघे रस्ता ओलांडून गेले. दहा-बारा कुटुंबं जमली होती. उटण्याचा वास, कॉफीचा वास, अंधारात पणत्या, अर्थात सगळ्या पांढऱ्या. कांचन मोतिया पैठणीत उभी होती. मनोहरकाकांना खुर्ची दिली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त डॉक्टर, मूळचे चिपळूणचे, आणि मंडळात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"काकू, ते तुमचं कारीट?" कांचनने हसत विचारलं. "मुलं थांबलीयत."

"हे काय, तू इतकी ओळीने मांडून ठेवलीस की," उत्तरा म्हणाली. मग आवाज चढवून, "मनोहरकाका, बघितलंत का? सव्वीस कारिटं! एकेक हाताने निवडून आणली पोरीने. इतक्या वर्षांत अमेरिकेत कोणाला सुचलं होतं का हे?"

मनोहरकाका खुर्चीतून पुढे झुकले. त्यांचे डोळेच भरून आले. "अगदी कारिटासारखीच गं! कांचन, तू पुण्याची ना? आणि तुला कोकणातलं हे माहीत? शाब्बास! शाब्बास पोरी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कांचनचं तोंड उघडं राहिलं. "नाही, म्हणजे काका, ते ॲक्चुअली..."

"लाजते कशाला," उत्तरा म्हणाली. "रुही, ये गं. यजमानांच्या लेकीचा मान पहिला. डावा पाय. बूट राहू दे, थंडी आहे. हा नरकासुर. वाईट माणूस. काय करायचं?"

"स्टॉम्प?" रुहीचा विश्वासच बसेना. गेले पाच आठवडे या भोपळ्यांना बोट लावलं म्हणून ती ओरडा खात होती. "फॉर रियल, उत्तराआजी?"

"फॉर रियल."

"रुही, नो, वेट..." कांचन म्हणाली, पण मनोहरकाकांनी "गोविंदा!" अशी आरोळी ठोकली, आणि रुहीने पाय आपटला. फच्च. बियांसकट गर पैठणीच्या काठापर्यंत उडाला. मग काय विचारता! कुश आला, आरोही आली, वेद आला. गोविंदा! फच्च. गोविंदा! फच्च. ज्यांची पोरं मोठी झाली होती ते आईबाप आले. एकाने चुकून कावळ्यावर पाय दिला. शाल कोणीतरी पाय पुसायला घेतली. पाच मिनिटांत त्या क्लासी पायऱ्यांवर असा राडा झाला की मंडईची संध्याकाळ बरी.

कांचन हसत होती. करणार काय? सणावाराला, वडीलधाऱ्यांसमोर, टाळ्या घेऊन झाल्यावर. ओठ हसत होते आणि डोळे एकेक भोपळा मोजत होते. उत्तराने ते डोळे पोटभर बघितले. मग खाली वाकून बोटभर गर घेतला आणि कांचनच्या कपाळाला, भुवयांच्या मधोमध, दाबून टिळा लावला.

"शुभ असतं," ती म्हणाली. गर नाकावरून ओघळला. कांचनने पुसला नाही, मनोहरकाका बघत होते.

शेवटी वरच्या पायरीवरचा सगळ्यात मोठा एकच उरला. उत्तराने मागे वळून पाहिलं. नरेंद्र पुढे येत होता. कोणी बोलावलं नव्हतं. काठी त्याने वेदच्या हातात दिली, कठड्याला धरलं आणि डावा पाय उचलला. पाय हवेत लटलटा कापत होता. पहिला घाव निसटला, भोपळा गडगडत बाजूला गेला. उत्तराचा हात पुढे झालाच होता, तिने तो मागे घेतला. रुहीने भोपळा उचलून परत त्याच्या पायाशी ठेवला. आणि नरेंद्रने असा पाय हाणला की पायरी दणाणली.

"गोविंदा!"

आवाज त्याचा होता. तीन वर्षांपूर्वीचा, साइटवर या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा. पण उत्तराचं काम अजून संपलं नव्हतं.

लोक फराळाला आत गेले. पायऱ्यांवर ते तिघेच उरले. कांचन गर तुडवत जवळ आली. हसू आता पार गेलं होतं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत, काकू."

"हो," उत्तरा म्हणाली. "तक्रार करायची असेल तर कर. फोटो काढून पाठव. मागच्यासारखा कोपऱ्यात तुझा भोपळा येणार नाही, तेवढं बरं."

कांचनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने रस्त्यापलीकडच्या त्या रिकाम्या दाराकडे पाहिलं, मग नरेंद्रच्या हातांकडे. ते आता बाजूला लोंबत होते आणि थरथरत होते. तो लपवतही नव्हता. तिला कळलं, आणि कळलेलं दिसलंही.

"काका, तो कंदील तुम्ही केला होता?" ती कशीबशी म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं जुना आहे, विकतचा, फाटलेला. देवाशपथ. तुम्ही केलाय हे माहीत असतं, तर मी..."

"माहीत असतं," नरेंद्र त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "तर तो सरळ दिसला असता का?"

उत्तराला घाई नव्हती. ती तिथेच उभी राहून, कांचन काय म्हणते त्याची वाट बघत राहिली.