वजनावरचा हात

"नुसतं भोकाड पसरून काय उपयोग? कुठं दुखतंय तिथं बोट ठेव, म्हणजे फुंकर घालते."

आत्याचा हा आवाज. लहानपणी गुडघा फुटला की ती हातातलं काम टाकून यायची आणि फुंकर घालता घालता गुणगुणायची:

दुखण्या रे दुखण्या, तुझं घर कुठं?
बोट मी ठेवते, नको राहू तिथं.

आत्या गेली, फुंकर गेली. आता दवाखान्यातल्या खुर्चीवर तिचा भाचा, वजनकाटे दुरुस्त करणारा, अवघडून बसला होता. दुकानात वीस किलोचं वजन त्याच्या पायावर पडलं होतं. हाड छान जुळलं, तो कामावरही जाऊ लागला. पण स्वयंपाकघरात साधा डाव खाली पडला तरी दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत बसायचा. म्हणून बायकोनं त्याला ओढत इथं आणलं होतं. त्याला धास्ती वेगळीच होती. इथल्या तपासणीत मोठा आकडा निघाला तर शेठ आपल्या हातातली वजनं काढून घेणार आणि पावत्या फाडायला गल्ल्यावर बसवणार.

"मी वाक्य वाचते, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही शून्य ते पाच सांगायचं. शून्य म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमीच. दुखायला लागलं की छाती धडधडते?"

"शून्य."

"चार," बायको म्हणाली.

"छाती कुणाची आहे?"

"छाती तुमची, पण ऐकू मला येते."

"दुखेल या भीतीनं कामं टाळता?"

"शून्य."

"डॉक्टर, काल फळीवरून पिठाचा डबा काढून द्या म्हटलं, तर म्हणाले, आज भूकच नाही."

"काकू, जरा बाहेर बसता का?"

काकू बाहेर गेल्या. दार मात्र नीट लागत नव्हतं.

"त्या प्रसंगाची स्वप्नं पडतात?"

"शून्य."

"पाच," दाराची फट बोलली. "आणि लाथ मला बसते. चांगल्या पायाची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरला. तेवढ्यात काकू पिशवी घ्यायला आत आल्या.

"तुमचं शून्य-शून्य चालू द्या. मी निघाले. आज त्या भाजीवालीचा सोक्षमोक्ष लावते. किलो म्हणून देते आणि घरी येईपर्यंत भाजी वाळल्यासारखी कमी भरते. सगळ्या शेजारणी येणार आहेत. गाडीच उचलायला लावते तिला तिथनं."

भाजीवाली त्याच्या डोळ्यांपुढे आली. पदरानं काटा पुसून त्याच्या हाती देताना म्हणाली होती, दादा, तुमच्यावर भरवसा.

"थांब गं जरा," तो म्हणाला.

"का? तिची बाजू घेताय?"

तो पायाकडे वाकला, मग सरळ झाला. डाव्या हाताचं बोट त्यानं उजव्या तळहातावर टेकवलं.

"दुखणं इथं आहे. काटा तपासायला वजन ठेवतो आणि हात सुटतच नाही. पडेल, पडेल असं वाटतं. खालून जरासा आधार देऊन धरतो. मग काटा कमी दाखवतो आणि मी तो ओढून बरोबर करतो, म्हणजे नंतर तो कायम जास्तच दाखवतो. भाजीवाली लबाड नाही. तिचा काटा मी दुरुस्त केलाय."

बायको पिशवीसकट स्टुलावर बसली.

"आणि वाण्याचा?"

"मीच."

"रद्दीवाल्याचा?"

"त्याचाही. म्हणून तर तुझी रद्दी एवढी भरली."

बायकोला हसावं की रडावं कळेना. तिनं त्याचा तो तळहात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.

डॉक्टरीणबाईंनी हळूच पेन उचललं. "काका, मघाची वाक्यं पुन्हा वाचू?"

"नको. ऐकली आहेत मी," तो म्हणाला. "सगळीकडे पाच लिहा. मला भीती वाटते."